जुना गिअरबॉक्स उतरवण्याआधी नवा शेजारी ठेवा

तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खालून बारीक हुंकार यायचा. पाय काढला की गप्प. दुसऱ्यात काही नाही, चौथ्यात काही नाही. महिनाभर मी मनाला समजावत राहिलो की आवाज टायरचा असेल, चाकाच्या बेअरिंगचा असेल. मग एका रविवारी गिअरबॉक्सचं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं आणि त्यात लोहचुंबक फिरवला. चुंबक बाहेर आला तेव्हा त्याला करडा कीस चिकटला होता आणि त्या किसात नखाच्या टोकाएवढी एक कपची होती. एका बाजूला खरखरीत, दुसऱ्या बाजूला आरशासारखी चकचकीत. ती चकचकीत बाजू म्हणजे दात्याचा घासणारा पृष्ठभाग. तोच सुटून माझ्या तळहातावर आला होता.

गाडी चौथ्या पिढीची फोल्क्सवॅगन गोल्फ. १.८ लिटरचं, वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, १५० हॉर्सपॉवरचं. कारखान्यातून निघालं तेव्हा त्याचा टॉर्क २१० न्यूटन मीटर होता. मी रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून, आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा लावून तो ३०० च्या पुढे नेला. त्यामागचा पाच गिअरचा बॉक्स ०२जे. याच घराण्याचं दुसरं नाव एमक्यू२५०, आणि त्या नावातच त्याची कुवत लिहिलेली आहे: एम म्हणजे मॅन्युअल, क्यू म्हणजे जर्मन ‘क्वेअर’ म्हणजे आडवा बसणारा, आणि २५० म्हणजे ज्या टॉर्कसाठी तो आखला तो आकडा. अडीचशेच्या बॉक्सला मी रोज तीनशेच्या वर खायला घालत होतो. चूक माझी होती, बॉक्सची नव्हे.

त्याच्या जागी मी ०२एम बसवला. सहा गिअर, दुसरं नाव एमक्यू३५०. याच पिढीच्या १८० हॉर्सपॉवरच्या गोल्फ जीटीआयमध्ये आणि जास्त ताकदीच्या डिझेल गाड्यांमध्ये तो कारखान्यातूनच येत असे, त्यामुळे याच गाडीत तो बसतो हे नक्की होतं. काम दोनदा केलं, कारण पहिल्यांदा एक वस्तू विसरलो. ती कोणती, ते पुढे सांगतो. तुमची गाडी दुसरी असेल तर नावं आणि आकडे बदलतील, पण समोरच्या चाकांना ताकद देणाऱ्या कुठल्याही टर्बो गाडीत कामाचा क्रम हाच राहतो. आणि या कामातला निम्मा वेळ गाडीला पहिला पाना लागण्याआधीच खर्च व्हायला हवा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

ताकद नेमकी कुठे लागते

इंजिनचा टॉर्क गिअरबॉक्समधून जसाच्या तसा जात नाही, तो गुणला जातो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.३ आणि फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं, ३.९ धरलं, तर ३०० न्यूटन मीटरचे चाकांपर्यंत पोचेतो जवळजवळ ३,८६० होतात. तिरप्या दात्यांचे गिअर असा भार आला की एकमेकांना नुसते फिरवत नाहीत, एकमेकांपासून दूर ढकलतात आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही रेटतात. शाफ्ट केसभर वाकतो, अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग केसभर पसरतं, दात्यांचा स्पर्श टोकाकडे सरकतो आणि सगळा भार दात्याच्या एका कडेवर येतो. कपच्या निघतात त्या तिथून.

०२एममध्ये एका लांब शाफ्टऐवजी दोन आखूड आउटपुट शाफ्ट आहेत. पहिले चार गिअर एकावर, पाचवा, सहावा आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. दोन्ही शाफ्टच्या टोकाचे छोटे गिअर, म्हणजे पिनियन, एकाच मोठ्या रिंग गिअरला भिडतात. शाफ्ट आखूड, म्हणून वाकणं कमी. सहा गिअर असूनही बॉक्स आडव्या इंजिनच्या शेजारी मावतो तोही याच रचनेमुळे.

यातूनच एक गोष्ट निघते जी बॉक्स निवडताना फार जणांच्या लक्षात येत नाही: या बॉक्सला फायनल ड्राइव्हची गुणोत्तरं दोन असतात, पहिल्या चार गिअरना एक आणि वरच्या दोघांना दुसरं. एकच आकडा घेऊन हिशेब केला तर सहाव्या गिअरचा वेग साफ चुकतो. हिशेब सोपा आहे. इंजिनचे फेरे भागिले गिअरचं गुणोत्तर, भागिले फायनलचं गुणोत्तर, गुणिले चाकाचा घेर. चाक एका फेरीत १.९५ मीटर जातं असं धरा. एकूण गुणोत्तर ३.० असेल तर ३,००० फेऱ्यांना गाडी ताशी ११७ किलोमीटरवर असेल, २.५ असेल तर १४० वर. डिझेल गाडीतला ०२एम केसिंगने तसाच दिसतो, पण त्याचे गिअर लांब असतात, कारण डिझेल इंजिन फार फिरत नाही. तो पेट्रोल टर्बोला लावला की दर गिअर बदलताना इंजिन बूस्टच्या, म्हणजे टर्बो दाब देतो त्या फेऱ्यांच्या, खाली पडतं आणि गाडी सुस्तावते. बॉक्सवरची कोडची अक्षरं आधी वाचून घ्या, त्या कोडची गुणोत्तरं शोधा, हिशेब कागदावर मांडा आणि मगच बॉक्स उचला.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा ०२एम स्वस्तात किंवा सहज मिळाला तरी घेऊ नका. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जोडायला त्याच्या केसिंगला वेगळी सोय असते आणि तो तुमच्या गाडीत सरळ बसत नाही.

बॉक्स एकटा येत नाही

माझा सल्ला एका वाक्यात: बॉक्स घेऊ नका, बॉक्सच्या घरातली सगळी माणसं एकदम घ्या, आणि शक्यतो एकाच डोनर गाडीतून, म्हणजे भागांसाठी सोडवलेल्या गाडीतून. ०२जेच्या जागी ०२एम घालताना माझ्या यादीत हे होतं.

फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकाची जड चकती) आणि क्लच, कारण ०२एमचा क्लच २४० मिलिमीटरचा. इंजिन आणि बॉक्समधली पातळ पत्र्याची मधली प्लेट, नव्या फ्लायव्हीलला साजेशी. स्टार्टर. डाव्या बाजूच्या माउंटिंगचा ब्रॅकेट आणि खालचा डमरूसारखा टॉर्क आर्म. दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट. गिअर लिव्हरचा आतला पेटीसारखा भाग आणि त्याच्या दोन केबल. क्लचचा हायड्रॉलिक पाइप. रिव्हर्स लाइटच्या स्विचचा प्लग, तारेच्या निदान वीतभर तुकड्यासकट. आणि बॉक्सला लागणारे सगळे बोल्ट, कारण लांबी जागोजागी वेगळी असते आणि चुकीचा लांब बोल्ट आतून कशाला तरी टेकतो.

क्लचची यंत्रणा इथे मुळातच बदलते. ०२जेला पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर बाहेर असतो आणि तो एका फोर्कला ढकलतो. ०२एममध्ये स्लेव्ह सिलिंडर आणि रिलीज बेअरिंग एकच आहेत, बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या बॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाच्या आत, इनपुट शाफ्टच्या भोवती बसलेले. तो गळायला लागला तर अख्खा बॉक्स परत खाली. म्हणून तो जुना कितीही चांगला दिसला तरी नवाच घाला. बाकी नवं काय: क्रँकशाफ्टचं मागचं सील, दोन्ही फ्लँजची (ड्राइव्ह शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकत्यांची) सीलं, फ्लायव्हीलचे बोल्ट, चाकांच्या हबचे मोठे नट, माउंटिंगचे एकदाच ताणायचे बोल्ट. ही सगळी बारीकसारीक खरेदी आधीच पेटीत पडलेली असली की काम चालू असताना हात थांबत नाही.

मिळालेला बॉक्स चांगला आहे की नाही हे टेबलावरच बघा. इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, सगळे गिअर एकेक करून टाका, फ्लँज फिरतात का बघा. इनपुट शाफ्ट वरखाली हलवून बघा; अंगठ्याला जाणवेल इतका प्ले असेल तर बेअरिंग गेलं आहे. उरलंसुरलं ऑइल काढून चुंबक फिरवा. मऊ करडा चिखल चालेल, टोचणारी कपची चालणार नाही. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रो रिंगांची, म्हणजे गिअर बदलताना फेरे जुळवणाऱ्या कड्यांची झीज.

बॉक्स उघडणार असाल तर डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचा, विचार आत्ताच करा. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत वळणावर आतलं चाक हलकं होतं आणि उघडं डिफरन्शियल सगळा जोर त्या फिरणाऱ्या चाकाकडे सोडतं. क्वेफ कंपनीचा असतो तसा हेलिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे ताकद पकड असलेल्या चाकाकडे वळवणारा, घातला की गाडी वळणातून बाहेर खेचली जाते. पुन्हा पुन्हा बॉक्स उतरवायचा नसतो, म्हणून मी तो त्याच वेळी घातला आणि आजही तो निर्णय सगळ्यात चांगला वाटतो. रिंग गिअर जिथे रिव्हेटने बसवलेला असतो, तिथे बॉक्स उघडल्यावर रिव्हेट काढून बोल्ट घालणं हे शहाणपणाचं काम, कारण झटक्याच्या भाराने ढिला झालेला रिव्हेट डोकं बाहेर काढतो आणि फिरता फिरता केसिंगला भोक पाडू शकतो.

जमिनीवर शेजारी शेजारी

जुना बॉक्स अजून गाडीत असला तरी त्याच्यासारखा दुसरा मिळत असेल तर तो नव्याच्या शेजारी ठेवून बघा. नाहीतर गाडीखाली झोपून मापं घ्या. व्हर्नियर, स्टीलची पट्टी, खडू आणि वही. मी पाच मापं घेतो. ड्राइव्ह शाफ्टच्या फ्लँजचा व्यास, इथे जुना १०० मिलिमीटरचा, नवा १०८ चा, म्हणूनच शाफ्ट बदलावे लागतात. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाच्या स्प्लाइनचे दाते, कारण ते तुमच्याच हबमध्ये जायचे आहेत. बेल हाउसिंगवरच्या बोल्टच्या भोकांची जागा. माउंटिंगच्या भोकापासून बेल हाउसिंगच्या तोंडापर्यंतचं अंतर. आणि फ्लायव्हीलच्या दात्यांची जागा स्टार्टरच्या पिनियनसमोर येते का.

आणखी एक गोष्ट प्रत्येक गाडीत तपासा. क्रँकशाफ्टचा सेन्सर कुठे वाचतो? काही इंजिनांत तो फ्लायव्हीलवरच्या खाचा मोजतो. तसं असेल तर नव्या फ्लायव्हीलवर त्याच खाचा, त्याच संख्येने, त्याच जागी हव्यात; नाहीतर सगळं जोडून झाल्यावर इंजिन चालूच होणार नाही. वेगाच्या सेन्सरचंही बघून ठेवा. पुढच्या पिढ्यांच्या गाड्यांत वेग एबीएसकडून घेतला जातो, त्यामुळे त्यांच्या बॉक्सला सेन्सरची जागाच नसते आणि तुमचा स्पीडोमीटर शून्यावर राहतो.

उतरवणं

हा भाग पटकन सांगतो, कारण प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये तो नीट लिहिलेला असतो.

गाडी चाकांवर उभी असतानाच, कोणालातरी ब्रेक दाबायला बसवून, हबचे मोठे नट ढिले करा. मग गाडी चार भक्कम स्टँडवर. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही. बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा काढा. वर मोकळी जागा झाली की निम्मे बोल्ट वरूनच निघतात. स्टार्टर, अर्थिंगची तार, स्विचचे प्लग, केबल, जुना स्लेव्ह सिलिंडर सोडवा. पाइपचं तोंड लगेच बंद करा, कारण त्यातलं ब्रेक ऑइल रंग खातं.

ड्राइव्ह शाफ्टचे बोल्ट आतून बारा कोनी असतात. टोकाने त्यातलं ग्रीस आणि माती पूर्ण खरवडून काढा, बिट हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवा आणि मग ताकद लावा. सहा कोनी किंवा चांदणीच्या आकाराची बिट चालवून बघू नका. एका बोल्टचे कोन झिजून बिट नुसती फिरायला लागली तर दिवस जातो.

इंजिन वरून आडव्या दांड्याला साखळीने लटकवा. डावं माउंटिंग सुटलं की इंजिनची डावी बाजू थोडी खाली येऊ द्या म्हणजे बॉक्स चासीच्या दांड्याखालून निघतो. बॉक्स गिअरबॉक्सच्या जॅकवर, पट्ट्याने बांधून. ०२एम त्याहून जड आहे आणि तो छातीवर घेऊन वर चढवायची वस्तू नाही.

गिअर लिव्हरची पेटी खालून निघते, एक्झॉस्टच्या वर, उष्णतेच्या पत्र्याच्या आड. एक्झॉस्ट खाली सोडावा लागतो. त्याचे गंजलेले नट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवून ठेवा.

क्लच

इथे मात्र घाई नको. क्रँकशाफ्टचं सील नवं बसवून झालं की मधली पत्र्याची प्लेट लावा. तिच्यानंतर फ्लायव्हील. प्लेट विसरून फ्लायव्हील आवळलं की परत सगळं उघडायचं, म्हणून मी ती फ्लायव्हीलच्याच खोक्यावर चिकटवून ठेवली होती. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, ६० न्यूटन मीटर आणि त्यावर ९० अंश. इतर इंजिनांना आकडे वेगळे; तुमच्या इंजिन कोडचं मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं.

दुहेरी वस्तुमानाचं फ्लायव्हील ठेवायचं की एकसंध घालायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. एकसंध हलकं असतं, इंजिन चटकन फिरतं. पण दुहेरीतल्या, इंजिनचे झटके गिळणाऱ्या स्प्रिंगा गेल्या की न्यूट्रलमध्ये बॉक्स खळखळतो आणि कमी फेऱ्यांना ते झटके थेट दात्यांवर जातात. मी रोज चालवणाऱ्या गाडीत दुहेरीच ठेवलं. बॉक्स वाचवायलाच तर हे सगळं चाललं आहे.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचे चेहरे ब्रेक क्लीनरने पुसा. नव्या भागांवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो, तो राहिला तर क्लच पहिल्याच दिवशी जळल्याचा वास देतो. क्लचप्लेटवर बहुतेक वेळा ‘गेट्रीबेझाइट’ असं जर्मन छापलेलं असतं, म्हणजे गिअरबॉक्सची बाजू. ते अक्षर तुमच्याकडे, इंजिनकडे नव्हे. प्लेट मधोमध आणणारा प्लॅस्टिकचा दांडा घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट एकाआड एक, समोरासमोर, अर्धा अर्धा फेरा करत आवळा. एकीकडून आवळत गेलात तर प्लेटचं कव्हर वाकतं आणि पेडल थरथरतं. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीस नखाएवढं. लावून प्लेट एकदा सरकवून बघा आणि जास्तीचं पुसा.

शेवटचा सेंटिमीटर

आता मी कुठे चुकलो ते.

इंजिनच्या ब्लॉकमध्ये बॉक्स अचूक जागी बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल असतात, करंगळीच्या पेराएवढ्या. त्या दिसायला क्षुल्लक, पण इनपुट शाफ्ट आणि क्रँकशाफ्ट एका रेषेत ठेवण्याचं काम त्यांचंच. बोल्ट फक्त धरून ठेवतात. पहिल्या वेळी जुना बॉक्स निघताना खालची डॉवेल ब्लॉकमधून सुटून जुन्या बॉक्समध्येच अडकून आली. मी एकटा होतो, रात्र झाली होती आणि ब्लॉकच्या बाजूने हात फिरवायचं राहिलं. नवा बॉक्स चढला, बोल्ट लागले, गाडी चालली. क्लच थोडा थरथरायचा, रिव्हर्स टाकताना कधी कधी कुरकुर व्हायची. तीन आठवड्यांनी इनपुट शाफ्टचं बेअरिंग रडायला लागलं. बॉक्स उतरवला आणि जुन्या बॉक्सच्या भोकात ती डॉवेल तशीच बसलेली सापडली. इतके दिवस ती माझ्या शेल्फवर होती.

दुसऱ्या वेळी ताई आली होती, टॉर्च धरायला. मी वरून बघून म्हणालो, बसला, आता आवळतो. ती खालून म्हणाली, “थांब, आवळू नकोस. खाली फट आहे रे.”

“किती?”

“कार्ड जाईल एवढी.”

मी वाकून बघितलं. वर बॉक्स ब्लॉकला टेकला होता, खाली दीड मिलिमीटर उघडा. मधल्या प्लेटची एक कड दुमडून आत आली होती. पाच मिनिटांचं काम: बॉक्स थोडा मागे, प्लेट सरळ, पुन्हा पुढे. बोल्टने ओढून आवळला असता तर बेल हाउसिंगचा कान तुटला असता.

म्हणून क्रम असा ठेवा. जुना बॉक्स खाली आला की लगेच दोन्ही डॉवेल मोजा. ब्लॉकमध्ये दोन्ही नसतील तर कुठे आहेत ते शोधा आणि ठोकून बसवा. डोकं कापलेले दोन लांब बोल्ट ब्लॉकमध्ये हाताने फिरवून घाला. बॉक्स त्यांच्यावर सरकत जातो आणि त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळत नाही. वजन क्लचप्लेटवर लोंबकळलं तर तिचा मधला भाग वाकतो आणि नवा क्लच तिथेच जातो. बॉक्स वरच्या गिअरमध्ये टाकून ठेवा. स्प्लाइन अडल्या तर एक फ्लँज हाताने धरून दुसरी किंचित फिरवा, दाते आपोआप जुळतात. बॉक्स ब्लॉकला चारी बाजूंनी हाताने टेकला पाहिजे. शेवटचा सेंटिमीटर बोल्टच्या जोरावर जात असेल तर काहीतरी अडलं आहे. थांबा, मागे घ्या, टॉर्च लावून बघा. टेकला की मग बोल्ट, जाड १२ मिलिमीटरचे ८० न्यूटन मीटर, बारीक त्याहून कमी.

या सगळ्या वेळात क्लच पेडलला पाय लावू नका. आतला स्लेव्ह सिलिंडर रिकामा असताना पेडल दाबलं की पिस्टन बाहेर उडू शकतो. मी पेडलच्या मागे लाकडाचा ठोकळा अडकवला होता.

केबल, हायड्रॉलिक, ऑइल

केबल लावणं गुंतागुंतीचं वाटतं, पण युक्ती कळली की सोपं आहे. बॉक्सवरच्या सिलेक्टरला लॉक करणारी छोटी दांडी असते. सिलेक्टर दाबून ती फिरवली की तो न्यूट्रलमध्ये अडकतो. आत लिव्हरच्या पेटीत एक भोक असतं, त्यात ड्रिलची बारीक बिट घालून लिव्हरही अडकवायचा. दोन्हीकडे सगळं जागेवर बांधलेलं असताना केबलच्या टोकावरच्या स्प्रिंगच्या कॉलर सोडायच्या, त्या आपोआप आपली लांबी शोधतात. मग दोन्ही लॉक काढा आणि सहाही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा, दोन बोटांनी. एखादा गिअर मनगट लावून जात असेल तर केबल पुन्हा जुळवा, चालवून सैल होईल असं समजू नका.

हायड्रॉलिकमधली हवा काढताना लक्षात ठेवा की क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून पितात. टाकीत क्लचचा पाइप वरच्या बाजूला असतो. पातळी त्याखाली गेली की पुन्हा हवा जाते आणि तुम्ही तासभर पंप मारत बसता. आतल्या स्लेव्ह सिलिंडरला नुसत्या पेडलने हवा काढणं कठीण जातं. टाकीवर थोडा दाब देणारं यंत्र मिळालं तर दहा मिनिटांत होतं. पेडल वरपासून घट्ट लागलं पाहिजे.

ऑइल बॉक्सला नेमून दिलेलंच, भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत, गाडी समतल उभी असताना. जाड आणि घसरडं ऑइल घातलं की गिअर वाचतील हा समज मनातून काढा. सिंक्रो रिंगला थोडं घर्षण लागतं, तिचं कामच घर्षणाने फेरे जुळवण्याचं. हायपॉइड अ‍ॅक्सलसाठी बनलेल्या ऑइलमध्ये ती पकड जाते आणि गिअर कुरकुरायला लागतात. आणि ऑइल भरण्याचा प्लग उघडतो याची खात्री झाल्याशिवाय जुनं ऑइल काढायचं नाही.

ड्राइव्ह शाफ्टचे बोल्ट मोठ्या फ्लँजला जाडसर असतात, त्यांचा टॉर्क जुन्याहून जास्त, मॅन्युअल बघून लावा. हबचे नट नवे. ते पूर्ण आवळल्याशिवाय गाडी चाकांवर उतरवायची नाही, चाकाच्या बेअरिंगला इजा होते.

पहिले किलोमीटर

गाडी स्टँडवर असतानाच इंजिन चालू करा. क्लच दाबून रिव्हर्स टाका. आवाज न करता गेला तर क्लच पूर्ण सुटतो आहे. मग पहिला ते सहावा, चाकं हवेत हळू फिरू देत, फ्लँजपाशी आणि बेल हाउसिंगच्या तळाशी ऑइलचा थेंब दिसतो का ते बघत. बाहेर काढल्यावर पहिले ५०० किलोमीटर पूर्ण बूस्ट नाही. क्लचचा चेहरा बसायला तेवढं अंतर लागतं, आणि ट्रॅफिकमध्ये साधं, सारखं गिअर बदलत चालवणं हे सगळ्यात चांगलं.

बॉक्स मजबूत झाला म्हणून चालवण्याची जुनी सवय तशीच ठेवू नका. मला दोन गोष्टी सोडाव्या लागल्या. एक, वरच्या गिअरमध्ये १,८०० फेऱ्यांवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. टर्बो इंजिन सगळा टॉर्क खालीच ओततं आणि इंजिन अजून गुळगुळीत फिरत नसतं, तो एकेक धक्का दात्यांवर पडतो. दुसरं, चाकं घसरून टपटप उडायला लागल्यावरही पाय दाबून ठेवणं. चाक सुटतं, पकडतं, सुटतं, पकडतं, आणि प्रत्येक पकडीला बॉक्समध्ये हातोडा बसतो. चाक उडायला लागलं की पाय लगेच काढा. माउंटिंगचं रबर जुनं असेल तर ते बदला, उडणं निम्मं तिथेच कमी होतं.

१०० किलोमीटरनंतर ड्राइव्ह शाफ्टचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. माझ्या उजव्या शाफ्टचे दोन अर्धा अंश फिरले होते. १,००० किलोमीटरला ऑइल बदला आणि चुंबक त्या ट्रेमध्ये फिरवा. नव्या जुळणीचा मऊ चिखल येईल. माझ्या चुंबकावर तोच आला, बोटांत घासला तर पिठासारखा विरला, आणि त्यात टोचणारं काही नव्हतं.